स्वाधीन करणे म्हणजे काय?

‘सर्व काही प्रभूच्या स्वाधीन केले आहे,’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती घरांत वारंवार ऐकू येते. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असते, मुलाला नोकरी लागत नसते, मुलीच्या संसारात कलह असतो. अशा वेळी भेटीस आलेल्या पाळकांना आपण हेच सांगतो. प्रार्थना होते, पाळक निघून जातात आणि रात्री तीच चिंता पुन्हा उशाशी येऊन बसते. मग मनात प्रश्न उभा राहतो : आपण नेमके काय स्वाधीन केले होते?

या प्रश्नाची दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले असे की, देवावर भार टाकला म्हणजे आपण स्वस्थ बसावे. हा तर नशिबावर हवाला ठेवण्याचाच प्रकार झाला. नशिबाच्या जागी देवाचे नाव घातले, एवढेच. दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. आपली योजना आपणच आखायची, ती देवापुढे ठेवायची आणि त्याची संमती मागायची. येथे स्वाधीनता ओठांवर असते, लगाम मात्र आपल्याच मुठीत असतो. योजना फसली की श्रद्धाही डळमळते, कारण ती मुळात योजनेवरच ठेवलेली असते.

पंडिता रमाबाईंच्या जीवनात या प्रश्नाचा निराळा उलगडा सापडतो. त्यांच्या तरुणपणी, १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. केडगाव येथे त्यांनी विहिरी खणविल्या, शेती करविली, छापखाना चालविला. अन्नासाठी त्या प्रार्थना करीत आणि शेतही नांगरवीत. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही.

त्यांची कठीण कसोटी मात्र पुढेच होती. मनोरमा ही त्यांची एकुलती एक कन्या. परदेशी शिक्षण घेऊन ती आईच्या कार्यात सर्वस्वी सामील झाली होती. आईमागे मुक्ती मिशनची धुरा तीच वाहील, अशी अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. प्रकृती खालावली होती, कानांनी साथ सोडली होती. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम हाती होते. ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण भाषांतर ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडलेले त्यांना पाहावयास मिळाले नाही.

येथे रमाबाईंनी काय सोडले? कन्येवरील प्रेम सोडले नाही, कामही सोडले नाही. हे कार्य कोणाच्या हातून आणि कोणत्या मार्गाने पुढे जाईल हे आपण ठरवू, हा हक्क त्यांना सोडावा लागला. दुसऱ्यांसाठी झटणाऱ्या माणसाला हाच हक्क सोडणे सर्वांत जड जाते. स्वार्थी माणसाची पकड ओळखता येते. प्रेमळ आईची, कर्तव्यदक्ष वडिलांची किंवा निष्ठावंत सेवकाची पकड प्रेमाच्या व कर्तव्याच्या वस्त्रांत झाकलेली असते. मुक्ती मिशन मात्र आजही केडगाव येथे उभे आहे.

मग दुःख करणे हा अविश्वास आहे काय? गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपल्या पुढील प्याला टळावा, अशी स्पष्ट विनंती पित्याजवळ केली. तो व्याकूळ झाला. त्यानंतरच त्याने पित्याच्या इच्छेला होकार दिला, आणि मग तो उठून येणाऱ्या प्रसंगाला सामोरा गेला. मागणे, रडणे आणि स्वाधीन होणे ही तिन्ही एकाच प्रार्थनेत बसतात. म्हणून शोकात बुडालेल्या घरी जाऊन ‘ही देवाचीच इच्छा’ असे घाईने सांगणे आपण टाळावे. स्वाधीनता ज्याची त्याने द्यावयाची असते. दुसऱ्याने ती वसूल करावयाची नसते. तेथे शेजारी बसून राहणे व त्या घरची चूल पेटेल एवढे पाहणे, हीच आपली सेवा.

आपला विश्वास खरा की ती केवळ हताशा, हे ओळखावे कसे? हताशा माणसाचे हात गळून पाडते. विश्वासाने मात्र उद्याचे ओझे खाली ठेवलेले असते, म्हणून आजच्या कामासाठी हात मोकळे होतात. औषध वेळेवर देणे, नोकरीसाठी आणखी एक अर्ज लिहिणे, मुलीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, एवढे आपल्याकडे आहे. त्याचे फळ पित्याकडे आहे. रात्री चिंता पुन्हा उशाशी आली, तर आपली प्रार्थना फुकट गेली असे मानू नये. स्वाधीन करणे एकदाच उरकत नाही. ते रोज, कधी एकाच रात्री अनेकदा करावे लागते. आणि प्रत्येक वेळी घेणारा तोच विश्वासू पिता असतो.