पुरेसं किती?

जरा शांत बसा. अंगठा आणि तर्जनी हलकेच एकमेकांवर फिरवून पाहा. चिमटीत मिठाचे चार कण आले तरी बोटांना कळतात. त्या जाणिवेपाशी थोडा वेळ राहा.

आता मनात एक बाई आणा. ब्लाउज शिवून घर चालवणारी. मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ ऑपरेशनने निघाली आहे. शेजारच्या एका-दोन ग्रंथींत मात्र रोग सापडला होता. स्कॅन स्वच्छ आहे. तरीही केमो चालू आहे, कुठेतरी उरल्या असतील अशा पेशींसाठी. उपचार न दिसणाऱ्यावर, आणि त्रास समोर बसलेल्या माणसाला. पोटाच्या कॅन्सरच्या डॉक्टरला रोज याच पेचात काम करायचं असतं. इथे घाई करू नका.

दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन, घरी गोळ्या. गार पाणी प्यायलं की घशात टोचतं, थंड तांब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. सुरुवातीला हे काही दिवसांत ओसरतं. डोस साठत गेले की बधिरपणा मुक्कामाला येतो. म्हणून डॉक्टर विचारते, “ताई, सुईत दोरा ओवता येतो ना?”

“येतो की, मॅडम.”

हे उत्तर नीट ऐका. खरं सांगितलं तर औषध बंद होईल, ही भीती त्यात असू शकते. डॉक्टर तिला पर्सची चेन उघडायला सांगते आणि बोटांकडे बघत राहते.

2004 च्या एका मोठ्या चाचणीनंतर ऑक्झॅलिप्लॅटिनची केमो सहा महिने देणं रूढ झालं. 2018 साली सहा चाचण्यांतल्या 12,834 रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली. कमी धोक्याच्या गटात या सलाईन-गोळ्यांचे तीन महिने जवळजवळ सहा महिन्यांइतकेच उपयोगी ठरले. नसांचा ठळक त्रास सहा महिन्यांत शंभरातल्या साधारण 45 जणांना होत होता, तीन महिन्यांत साधारण 15 जणांना. जास्त धोका असेल तर हिशेब बदलतो. पण ‘कमी चालेल का?’ हे इतक्या चिकाटीने तपासणं मला नव्या औषधाच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

ही बाई कमी धोक्याच्या गटातली आहे. चौथा केमो झाला. “आता थांबू या,” डॉक्टर म्हणते.

“थांबवलं तर परत येणार नाही ना?”

खात्री डॉक्टरकडे नाही. या शांततेत तिच्याबरोबर बसा. मग ती म्हणते, “येऊ शकतो, ताई. म्हणून तीन महिन्यांनी रक्त तपासू, वर्षाने दुर्बीण घालून बघू. तोवर गारठ्यात हातमोजे घाला, आणि शिवण हळूहळू सुरू करा.”