कडेची रोपं

सत्र संपत आलं की कॉलेजात मुलांकडून शिक्षकांबद्दलचे अभिप्राय भरून घेतात. समजावून सांगतात का, शंकांना उत्तर देतात का, तासाला वेळेवर येतात का. एक ते पाच गुण द्या. संख्याशास्त्राच्या वाट्याला येणारे शेरे ठरलेले. ‘सर हुशार आहेत, पण डोक्यावरून जातं.’ ‘मॅडमच्या नोट्स घोकल्या की पेपर निघतो.’ मग सगळ्याची सरासरी काढून ती फायलीला लावायची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७मध्ये विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण मूल्यांकनात आणलं, तेव्हापासून या आकड्याला चांगलंच वजन आलंय. नुसत्या सरासरीवर भरवसा ठेवू नये हे जो मास्तर वर्षभर फळ्यावर सांगतो, त्यालाही शेवटी तिच्यावरच तोलतात.

सरासरी कशी फसवते, याला सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या कॉलेजातल्या पोरांना लांबचं उदाहरण नको. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे शेजारच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११चा. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि पिकांच्या अंदाजाच्या कामाला लागले. काम म्हणजे काय, तर शेतातली जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, दोरी लावून तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून वजन करायचं. तुकडा केवढा घ्यावा यावर त्यांचा थेट प्रशांतचंद्र महालनोबिसांसारख्या संख्याशास्त्रज्ञाशी वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की उतारा फुगून दिसतो, असं सुखात्म्यांनी दाखवलं. कारण दोरीवर आलेलं रोप आत की बाहेर असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड जास्त. असे हजार तुकडे कापले तरी फुगवटा तसाच राहतो.

अभिप्रायाच्या फॉर्मवर नेमकं उलटं होतं. इथे कडेची रोपं बाहेर राहतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा विषय घेतलेली कितीतरी मुलं पुढे दुसरीकडे वळतात. ती का गेली, हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही. उरलेल्यांचं मत म्हणजे टिकलेल्यांचं मत.

आणि टिकलेल्यांचंही किती धरायचं? अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत मुलांना शिक्षक निवडता येत नाही, तुकड्या यदृच्छया पडतात आणि पेपर सगळ्यांना एकच. तिथली आकडेवारी घेऊन कॅरेल आणि वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये जे मांडलं, ते स्टाफरूममध्ये वाचायला हवं. ज्या शिक्षकांच्या हाताखाली त्या वेळी गुण चांगले पडले, त्यांना अभिप्रायही चांगले मिळाले. पण त्यांचीच मुलं पुढच्या अभ्यासक्रमांत मागे पडली. म्हणून पोरांचं ऐकूच नये, असं नाही. शंका विचारली तेव्हा उत्तर मिळालं की टोमणा, हे तीच सांगू शकतात. शिकलो किती, हे मात्र त्यांना त्या महिन्यात कळण्यासारखं नसतं.

‘डोक्यावरून जातं’ या शेऱ्यात तथ्य आहेच. उदाहरणाला पेटीतले लाल-पांढरे चेंडूच पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, आणि इकडे तासगावात बेदाण्याचे सौदे होतात. व्यापारी बॉक्स फोडतो, मूठभर बेदाणा हातावर घेतो, रंग बघतो, दाबून बघतो, आणि तेवढ्यावर सगळ्या मालाचा दर बोलतो. बॉक्स कुठला फोडला, मूठ वरची की तळातली, यावरून घरी झालेली कुरबुर वर्गातल्या निम्म्या पोरांनी तरी ऐकलेली असणार. नमुना निवडीचा धडा तिथून सुरू केला तर मुलं मान वर करून बघतील. समजेलच याची हमी नाही. प्रमाण त्रुटीचं सूत्र शेवटी मांडावंच लागतं, आणि तिथे बेदाणा कामाला येत नाही.

पण प्रॅक्टिकलला विषय हवाच असेल, तर अभिप्रायांची ती थप्पीच, नावं झाकून, मुलांच्या हाती द्यावी. फॉर्म किती जणांनी भरले, गैरहजर कोण होते हे काढा, विषय सोडून गेलेल्यांना कँटीनमध्ये गाठून विचारा, आणि सरासरीशेजारी तिची प्रमाण त्रुटी लिहा. जर्नलात एक प्रॅक्टिकल वाढेल, सरांची सहीही मिळेल. तो कागद फायलीला लावायचा की नाही, ते प्राचार्यांनी ठरवावं.