गुरूचे प्रारणपट्टे आणि ज्ञानाचे प्रामाण्य

पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला शंका उरल्यास पर्वत चढून अग्नी प्रत्यक्ष पाहता येतो, हे न्यायदर्शनातील प्रसिद्ध उदाहरणात गृहीत धरलेले असते. परंतु गुरू ग्रहाच्या प्रारणपट्ट्यांच्या, म्हणजे त्याच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अडकून पडलेल्या अतिवेगवान विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांच्या बाबतीत असे चढून जाणे म्हणजे नेमके काय, हे तितके स्पष्ट नाही.

या पट्ट्यांचे ज्ञान प्रथम दुरूनच झाले. 1960 मध्ये वेंकटरामन राधाकृष्णन आणि जेम्स रॉबर्ट्स या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅली येथील रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने दाखवून दिले की, गुरूकडून येणाऱ्या 31 सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी ग्रहबिंबाच्या सुमारे तिप्पट रुंदीच्या प्रदेशातून निघतात आणि त्या अंशतः ध्रुवित असतात, म्हणजे त्यांच्या कंपनांचा कल एका ठरावीक दिशेकडे असतो. असे ध्रुवण हे सिंक्रोट्रॉन प्रारणाचे, म्हणजे चुंबकीय बलरेषांभोवती जवळजवळ प्रकाशवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या प्रारणाचे, लक्षण मानले जाते. येथील व्याप्ती, अर्थात हेतू आणि साध्य यांचे अव्यभिचारी साहचर्य, पृथ्वीवरील प्रयोगशाळांत पडताळलेली होती. ती कोट्यवधी किलोमीटर दूर लागू करण्याचा अधिकार कोणी दिला, हा अनुमानाला प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

डिसेंबर 1973 मध्ये पायोनियर 10 हे यान त्या पट्ट्यांतून गेले, तेव्हा अनुमानाची जागा प्रत्यक्षाने घेतली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. यानावरील उपकरणांनी मोजले ते विद्युत्स्पंद. कणांचे अस्तित्व त्यांवरून अनुमानानेच ठरले, आणि ज्यांचे मापन चालले होते त्याच कणांनी यानात खोट्या आज्ञा उमटवून काही छायाचित्रे वाया घालवली. यानाचे मोल म्हणूनच केवळ त्याच्या जवळिकीत नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, जिने 610 मेगाहर्ट्झ वारंवारतेवर हे पट्टे निरखले आहेत, संपूर्ण पट्टा एकदम पाहते, पण दृष्टिरेषेवरील सर्व प्रारणाची बेरीजच तिच्या हाती येते. उलट यान आपल्या मार्गावरचे आणि त्या क्षणाचेच कण मोजते. दोहोंचे दोष भिन्न असल्यामुळे त्यांच्या निष्कर्षांचा मेळ वजनदार ठरतो.

नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाबाहेर, प्रवृत्तिसामर्थ्यात, म्हणजे त्याला अनुसरून केलेली कृती फळास येण्यात शोधतात. यान तगून राहिले एवढा पुरावा त्यासाठी अपुरा आहे, कारण गरजेपेक्षा जाड कवच चुकीच्या ज्ञानालाही तारून नेते. नोव्हेंबर 2002 मधील घटना या दृष्टीने अधिक विचारार्ह आहे: गुरूच्या अमॅल्थिया या उपग्रहाजवळून गेल्यावर गॅलिलिओ यानाचा फीतमुद्रक बंद पडला, कणांच्या माऱ्याने त्यातील प्रकाशक डायोडच्या स्फटिकातील अणू जागचे हलले असावेत असे अभियंत्यांनी अनुमान केले, त्या डायोडमधून कित्येक तास विद्युतप्रवाह सोडत ठेवला, आणि फीत पुन्हा फिरू लागली.