जरा बॅग बघाल का?

"जरा बॅग बघाल का? आलेच पाच मिनिटांत." सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात भारतीय बैठकीत बसणाऱ्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं, किंवा स्वतः म्हटलेलं असतं. शेजारचा मान हलवतो आणि आपण चहाच्या रांगेकडे निघतो. बॅगेत लॅपटॉप असतो, घराची किल्ली असते. आणि ज्याच्या भरवशावर ती ठेवली, त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

थंड डोक्याने बघितलं तर हे विचित्र आहे. बॅग जाईल ही भीती अनोळखी माणसांची, आणि राखण करायला सांगायचं तेही अनोळखी माणसालाच. त्याची पात्रता काय, तर तो शेजारी बसलाय.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला हे जास्तच खुपतं. नेटवर्क सुरक्षेत 'झीरो ट्रस्ट' नावाचं तत्त्व आहे. विनंती आतून आली म्हणून ती आपली मानायची नाही, प्रत्येक वेळी तपासायची. तत्त्व चोख आहे, त्याच्या बाजूने मी मीटिंगांमध्ये भांडलेही आहे. रावेतला आमच्या सोसायटीच्या गेटवरही तेच चालतं. पार्सलवाला आला की ॲपवर नोटिफिकेशन येतं, मी हो म्हटलं की तो आत. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला दारावरच्या पाटीमुळे कळतं. त्यांच्याकडे मी कधी किल्ली ठेवलेली नाही. मुकुंदनगरच्या मैदानात मात्र अख्खी बॅग सोडून जाते. असं का?

पहिलं उत्तर सुचतं ते असं, की गाण्याची आवड असलेली माणसं चांगली असतात. हे उत्तर मला अजिबात पटत नाही. ज्यांना मारवा आणि पूरियातला फरक झोपेतही कळतो, पण घरी कामाला येणाऱ्या मावशींशी धड बोलता येत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कान तयार असणं वेगळं आणि नियत साफ असणं वेगळं.

दुसरं उत्तर, की दोन तास शेजारी बसल्यावर माणूस थोडा तरी कळतो. यात तथ्य आहे. तो समेवर मान कशी टाकतो, कोणी मोठ्याने बोललं तर कसा बघतो, डबा उघडल्यावर आधी स्वतः घेतो की डबा पुढे करतो, हे सगळं दिसत असतं. पण तेवढ्यावर मी कोणाला पासवर्ड देणार नाही.

मला वाटतं खरी गोष्ट वेगळीच आहे. आपण आधी त्याची परीक्षा घेऊन मग विश्वास टाकत नाही. विचारण्यानेच तो जबाबदार होतो. मघापर्यंत तो गर्दीतला एक होता, आता तो बॅग सांभाळणारा आहे. ही जबाबदारी कोणीतरी आपल्याला दिली, याचा बहुतेकांना थोडा आनंदच होतो. मला तरी होतो. कोणी मला बॅग सांभाळायला सांगितली, की मी ताठ बसते.

जुने श्रोते सांगतात ते ऐकलं तर हा व्यवहार पूर्वी फार मोठा होता. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 1952 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा उत्सव सुरू केला. तेव्हा मैफल रात्रभर चालायची. डिसेंबरची थंडी, थर्मासमधला चहा, आणि पहाटेकडे शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलकी. कुठला कलाकार आला की उठवायचं, हेही त्याच अनोळखी शेजाऱ्याला सांगून ठेवलेलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले. मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच सवलत. नियम मला मान्य आहे, मंडपाच्या पलीकडेही लोक झोपतात. पण सकाळी उजाडेपर्यंत जायचं नसलं की माणसं एकमेकांवर जितकी विसंबतात, तितकी दहाला उठायचं असलं की विसंबत नाहीत. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते, म्हणून आमच्यासारख्या पिंपरी-चिंचवडकरांची सोय झाली. आणि शेवटची गाडी गाठायला मधूनच उठणाऱ्यांत आमचीही भर पडली.

याच भरवशाची एक चलाख बाजूही आहे. एक जण लवकर येतो, आठ जणांची सतरंजी अंथरतो आणि उरलेले सात जण मुख्य कलाकाराच्या वेळेला उगवतात. तेवढा वेळ ती रिकामी सतरंजी लोक ओलांडतात, तिच्या कडेने अवघडून बसतात, पण तिच्यावर बसत नाहीत. कापड ठेवलंय म्हणजे माणूस आहे, ही श्रद्धा सगळे पाळतात, आणि म्हणूनच तिचा फायदा घेता येतो. बॅग ठेवणारा निदान विचारतो. सतरंजीवाला विचारत नाही, गृहीत धरतो. आणि तितक्याच पैशांचं तिकीट काढून आलेली कॉलेजमधली पोरं मागे उभी राहतात. त्यांनी अशा सतरंजीवर खुशाल बसावं, असं माझं मत आहे. मालक आल्यावर सरकून घ्यावं, पण उठू नये.

आणि हा भरवसा सगळ्यांना सारखाच स्वस्त पडत नाही. मी एकटी गेले की आधी शेजार बघते, मग स्टेज. एनएच७ वीकेंडर 2010 मध्ये पुण्यातच सुरू झाला. तसल्या उभ्याच्या गर्दीत माझे हिशेब आणखी बदलतात. तिथे बॅग सांभाळायला दिली असती कदाचित, हातातला ग्लास दिला नसता. तिथेही अनोळखी मुली एकमेकींना वाट करून देतात, एखादीला चक्कर आली तर भोवती रिंगण करतात. पण ती मदत एकमेकींपुरती, आणि तिच्या मुळाशी सावधपणा असतो. 'संगीत सगळ्यांना जोडतं' असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तू कुठे उभा होतास?

कोल्डप्लेवाले आपल्या मैफलीत एका गाण्यापुरते फोन खिशात ठेवायला सांगतात. हजारो लोक ऐकतात, म्हणजे सांगितलं तर जमतं. सवाईत ते शेजारच्या आजोबांच्या नजरेवर भागतं. त्या नजरेचा मला रागही येतो. 'तुम्हाला यातलं काय कळतं' असा वास तिला असतो, नवख्या पोराला पुन्हा न येण्याइतका. गप्प बसवण्याचा हक्क शेजारी म्हणून मिळतो. जाणकार म्हणून मिळत नाही.

महोत्सवाच्या अगदी शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातलं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. तोवर गाणारे सगळे गाऊन झालेले असतात. खरखरत्या आवाजातलं ते गाणं लोक मुकाट ऐकतात. मग सतरंज्या झटकल्या जातात, कोणाची तरी चप्पल सापडत नसते, आणि पाच दिवस ज्यांची नावंही विचारली नाहीत त्यांना आपण "येते हं" म्हणतो.