‘साकु’ म्हणण्याची श्रीमंती

आमच्या भालकी तालुक्यात एखाद्या घराला ‘मोठे घर’ म्हणायचे ते कशावरून, याची मापे पिढीगणिक बदलत आली आहेत. निजामाच्या अमलात बैलांच्या जोड्या किती आणि ज्वारीची पेवे किती, यावर घराची ऐपत ठरत असे. रोकड कमीच, आणि जी असे ती हाली शिक्क्याची. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार मिळत. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले आणि १९५९ साली हाली शिक्काही चलनातून उठला. त्यानंतरच्या पिढीने सोन्याचे तोळे, स्लॅबचे घर आणि घरातली सरकारी नोकरी ही मापे धरली. आज सोयरीक जुळवताना मध्यस्थ पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो, “मुलाकडे स्वतःची फोर व्हीलर आहे.” एवढे ऐकले की मुलीकडची मंडळी जरा सावरून बसतात.

या मापाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. दिवाळीच्या तोंडावर ते लिहिणे अधिक बरे. धनत्रयोदशीला आपण धनाची पूजा मांडतो, पाडव्याला नवी वही घालतो आणि त्याच मुहूर्तावर शोरूममधून झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या बाहेर पडतात. त्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या आर.सी. बुकात मालकाच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्या बँकेचेही नाव असते. शेताच्या पहाणीवर बोजा चढला की घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. गाडीवर बोजा चढला की आपण पेढे वाटतो. असे का व्हावे?

आधी हिशेब पाहू. समजा, एका शिक्षकाने गाडीसाठी आठ लाख रुपये कर्ज काढले, वर्षाला साडेनऊ टक्के दराने, सात वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे १३,०७५ रुपये येतो. असे ८४ हप्ते भरले की एकूण रक्कम होते जवळजवळ १०,९८,३०० रुपये. म्हणजे आठ लाखांवर तीन लाखांच्या आसपास व्याज. हेच कर्ज पाच वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता १६,८०० रुपयांच्या घरात जातो, पण व्याज दोन लाख आठ हजारांवर थांबते. विकणारा कधी सात वर्षांचा हप्ता पुढे करतो, कारण तो लहान दिसतो. कधी तो म्हणतो, “सर, फक्त सात टक्के, फ्लॅट.” फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या आठ लाखांवरच धरायचे. पाच वर्षांचे व्याज होते २,८०,०००, हप्ता १८,०००, आणि घटत्या शिलकीवर मोजले तर हा सात टक्क्यांचा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. आपल्याकडचा जुना सावकार ‘शेकडा दोन’ म्हणे तेव्हा ते महिन्याचे असत, वर्षाचे चोवीस. शब्द लहान ठेवायचा आणि काळ लांबवायचा, ही विद्या नवी नाही.

पण हा लेख व्याजाच्या गणितासाठी नाही. तीन लाख व्याज जाते ते जावो, हौसेला मोल असते असे कोणी म्हणेल, तर मी वाद घालणार नाही. मला सलते ते वेगळेच.

मराठवाड्यात आणि आपल्या भागात सालगड्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. गुढीपाडव्याला साल ठरते. गडी मालकाकडून आधीच उचल घेतो, लेकीचे लग्न नाहीतर घराचे पत्रे उरकतो आणि मग पुढचे बारा महिने ती उचल अंगमेहनतीने फेडतो. त्या वर्षात त्याला मालकाचा शब्द मोडता येत नाही. दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी जाता येत नाही. उचल घेतलेल्या माणसाने आपले येणारे दिवस आधीच विकलेले असतात. आता ८४ हप्त्यांचा करार करणारा पगारदार माणूस याहून निराळे काय करतो? सालगड्याचे साल निदान दुसऱ्या पाडव्याला संपते. याची सात साले.

आपण दोन भाषांत राहणारी माणसे. कन्नडात कर्जाला ‘साल’ म्हणतात आणि मराठीत ‘साल’ म्हणजे वर्ष. दोन शब्दांचे मूळ एक नाही, हे उघड आहे. तरीही बाजारात दोन्ही भाषा एका दमात बोलणाऱ्या माणसाला या योगायोगातला अर्थ कळायला हवा. आपण साल काढतो म्हणजे आपली साले देतो.

यावर माझ्या ओळखीची मंडळी जो आक्षेप घेतात तो हलका नाही. ते म्हणतात, साधेपणाचे गोडवे पोट भरलेल्यांनी गावेत. रात्री बारा वाजता छातीत कळ आली तर बिदर, लातूर, सोलापूर, नाहीतर थेट हैदराबाद गाठावे लागते, तेव्हा दारची गाडीच उपयोगी पडते. हे खरे आहे. दुसरे म्हणणे त्याहून मोलाचे. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घ्यावे लागले, त्या घरातला शिकलेला मुलगा आज त्याच रस्त्याने गाडी चालवत आईला बाजारात नेतो. त्या गाडीला कोणी ‘दिखावा’ म्हणू लागला तर त्याला मी तरी गप्प बसवीन. तिची किंमत शोरूमच्या पावतीवर मावणारी नाही. हप्त्याची सोय नसती तर ती गाडी त्या दारात कदाचित आलीच नसती, हेही मान्य करायला हवे.

तेव्हा गाडी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न बाजूला ठेवू. गाडी घेऊन माणूस मोठा होत नाही, तसा न घेऊनही होत नाही. कंजूष माणसाच्या दारातही गाडी नसते. प्रश्न असा आहे की घेतल्यानंतर आपल्या हातात काय उरते.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट सांगतो. आमच्या शाळेतून एस.एस.एल.सी. उत्तम गुणांनी पास झालेल्या एका मुलीला लातूरला अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाला होता. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. फी आणि राहण्याची सोय मिळून वीस हजार कमी पडत होते आणि मुदत तीन दिवसांची. ते माझ्याकडे आले. पाच हजार मी दिले. उरलेल्या पंधरासाठी मी स्टाफ रूममध्ये शब्द टाकला. चौदा माणसे बसलेली. बाहेर कडुलिंबाखाली पाच गाड्या उभ्या. कोणी मान खाली घातली, कोणी म्हणाले, “सर, एक तारखेनंतर बघू या.” महिन्याची अठरा तारीख होती. या माणसांना मी वर्षानुवर्षे ओळखतो. त्यांची दानत कमी नाही. पुरात, आजारात ती धावून गेलेली मी पाहिली आहेत. पण पगार एक तारखेला येतो आणि पाच तारखेच्या आत गाडीचा, घराचा, मोबाइलचा हप्ता कापून जातो. दानत जागेवर होती, ऐपत मात्र गहाण पडली होती.

स्वयंपाकघरात आमच्या ‘अक्षर दासोह’च्या ताई भांडी आवरत होत्या. त्यांनी सारे ऐकले असावे. हात पुसत दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, आज आमच्या गटाची बैठक हाय. मी इचारून बघते.” संध्याकाळी गटातल्या बायकांनी आपल्या बचतीतून पंधरा हजार रुपये ताईंच्या नावावर काढून दिले. ताई स्वतः त्या मुलीच्या वडिलांसाठी जबाबदार राहिल्या. वडिलांनी महिन्याला दीड हजार आणि वर गटाचे नेहमीचे व्याज असे दहा महिन्यांत फेडले. ते व्याजही त्याच बायकांच्या पेटीत जमा झाले. मुलगी लातूरला शिकली.

महिन्याच्या उत्पन्नाने त्या दिवशी शाळेत सर्वांत गरीब कोण होते, हे सांगायला नको. पण अठरा तारखेला ‘विचारून बघते’ एवढे म्हणण्याची ताकद त्यांच्याकडेच होती. मग श्रीमंत कोणाला म्हणायचे?

येथे एक लक्षात घेण्यासारखे आहे. ताईंनी दिले तेही कर्जच होते. म्हणून कर्ज हे पाप आहे, असे मी कधी म्हणणार नाही. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज खेडोपाडी बायकांच्या हातात पैसा खेळतो आहे तो त्यातूनच. कर्जाने विहीर होते, म्हैस येते, मुलगी शिकते. मराठीत तर ‘उसने’ हा कर्जाहून निराळा, गोड शब्द आहे. शेजारणीकडून उसने आणलेले पीठ परत देताना आपल्या आया मापाला शीग लावून देत. त्या शिगेला कोणी व्याज म्हणत नसे. पुढच्या वेळी तुझ्या दारात यायला मला संकोच वाटू नये, यासाठी ती शीग. ज्या कर्जात देणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंड ओळखतात, ते माणसे जोडते. जे कर्ज केवळ शेजाऱ्याच्या दारातली गाडी पाहून काढले जाते, ते त्या शेजाऱ्यालाही दूर करते आणि स्वतःलाही.

आणखी एक तोटा असतो, तो कुठल्याही पासबुकात दिसत नाही. चार हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. वरिष्ठाने चुकीच्या कागदावर सही मागितली, टेबलाखालून पाकीट आले, की त्याच्या मनात आधी पाच तारीख उभी राहते. सगळेच वाकतात असे नाही, पण ताठ राहायला त्याला इतरांपेक्षा जास्त बळ लागते. सचोटी ही संस्काराची गोष्ट खरी. तिला थोडी शिल्लकही लागते, हे आपण मुलांना सांगत नाही.

श्रीमंतीचा अर्थ शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. भालकीहून चाळीसेक किलोमीटरवर बिदर. तेथे १४७२ साली बांधलेला महमूद गवानाचा मदरसा आपण सहलीला मुलांना दाखवतो. बहमनी राज्याचा हा वजीर. खोट्या पत्राच्या आधारे सुलतानाने १४८१ साली त्याला ठार मारले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की नंतर त्याचा खजिना तपासला तेव्हा खजिनदाराने दोन भाग दाखवले, एक राज्याच्या कामाचा आणि दुसरा गरिबांचा. दोन्हींत फारसे काही शिल्लक नव्हते. एवढ्या राज्याचा कारभार पाहणारा हा माणूस स्वतः मातीच्या भांड्यात शिजवलेले खाई आणि चटईवर निजे. मुलांना आपण मदरशाच्या मनोऱ्याची उंची सांगतो. ही गोष्ट सांगायची राहून जाते.

दुसऱ्या दिशेला बसवकल्याण. बाराव्या शतकात तेथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण जोडपे राहत असे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. त्यावर घर चाले आणि दासोहही घडे. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने विचारले, हे जादा कशासाठी? आणि ते होते तिथे परत टाकून यायला सांगितले. ज्यांच्या घरात उद्याचा दाणा नव्हता, त्यांनी नको म्हटले. आपल्या शाळांत मुलांना रोज दुपारी मिळणाऱ्या जेवणाला ‘दासोह’ हे नाव त्याच परंपरेतून आले आहे.

लक्कम्माइतके वैराग्य मला जमणार नाही, तुम्हालाही जमावे असा माझा हट्ट नाही. संसारी माणसाने चार पैसे बाजूला ठेवलेच पाहिजेत. मी नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना फक्त दोन मापे सांगतो. पहिले, उद्या पगार थांबला तर कोणापुढे हात न पसरता घर किती महिने चालेल? दुसरे, महिन्याच्या अठरा तारखेला कोणी अडलेला दारात आला तर त्याला काही देता येईल का? या दोन्हींची उत्तरे ठीक असतील तर गाडी खुशाल घ्या, आम्हाला पेढे द्या, पुढच्या सीटवर बसवून एक चक्करही मारून आणा. उत्तरे ठीक नसतील तर गाडी कितीही लांबलचक असो, तिच्यात बसलेला माणूस अजून सालगडीच आहे.

कन्नडात ‘साकु’ म्हणजे पुरे. पंगतीत वाढणाऱ्याला हात आडवा धरून आपण मराठी माणसेही ‘साकु, साकु’ म्हणतो. याच भाषेत ‘साकु’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे सांभाळणे, पोसणे. लेकराला साकायचे, वासराला साकायचे. ज्याला पुरे म्हणता येते त्यालाच दुसऱ्याला सांभाळता येते, असे कोणा जाणत्याने ठरवून तर हा शब्द ठेवला नसेल ना, असे मला नेहमी वाटते. यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर नोटा, दागिने आणि गाडीची किल्ली मांडाल तेव्हा त्यांच्या शेजारी हा एक शब्दही मनात मांडून पाहावा.