मोकळ्या जागेचा अधिकार

पोथीचं पान लावणाऱ्या माणसाचा त्या पोथीवर अधिकार किती? हा प्रश्न मला कामातूनच पडला आणि अजून सुटलेला नाही. मी पानजुळणी करते. पेजमेकरवर शिकले, आता इनडिझाइन वापरते. सध्या टेबलावर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाची सार्थ पोथी आहे. वर ओवी, खाली अर्थ. पैसा भजनी मंडळाच्या वर्गणीतला, म्हणजे मोजका. वाचणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या.

पहिल्या जुळणीत पोथी ८४ पानांची झाली. सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर पाच फॉर्म आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद, वेगळी घडी. मंडळाच्या बुवांनी फोन केला, "ताई, ८० मध्ये बसवा ना काहीतरी करून." त्या "काहीतरी करून"मध्येच सगळा प्रश्न आहे, कारण हे सॉफ्टवेअर काहीही करू देतं. ट्रॅकिंग उणे केलं की अक्षरं जवळ येतात. आडवं माप ९४ टक्के केलं की ओळीत एक शब्द जास्त मावतो. अर्थातलं एखादं वाक्य कापलं तरी पडद्यावर कुठे खूण राहत नाही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला अक्षर दाबणं शक्य नव्हतं. शिशाचा खिळा दाबून अरुंद होत नसे.

मी स्वतःपुरती एक मर्यादा आखली आहे. अक्षर माझं नाही, अक्षराभोवतीची मोकळी जागा माझी. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. देवनागरीत ट्रॅकिंगला हात लावायचा नाही. वाढवलं तर शिरोरेषा तुटते, कमी केलं तर काना पुढच्या अक्षरात घुसतो. आडवं माप कायम १०० टक्के, कारण अक्षर दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या तशाच राहतात. चष्मा लावून वाचणाऱ्या बाईला कारण सांगता येत नाही, पण डोळा थकतो. अर्थाचे परिच्छेद दोन्ही कडांना जुळवायचे असतील तर जस्टिफिकेशनच्या चौकटीत अक्षरांमधलं अंतर तिन्ही रकान्यांत शून्य आणि अक्षराचं माप तिन्हीकडे १०० ठेवायचं. कमीजास्त व्हायचं ते फक्त शब्दांमधल्या जागेनं.

मग चार पानं कुठून आली? मजकुराची उंची ५४० पॉइंट होती, लीडिंग २०, म्हणजे पानात २७ ओळी. लीडिंग १९.२५ केलं, २८ ओळी बसल्या. १४ पॉइंटच्या अक्षराला एवढी जागा पुरते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळत नाही ना, हे छापील प्रुफावर तपासलं. पडद्यावर ते नीट कळत नाही. एवढ्यानं तीन पानं वाचली. प्रस्तावनेच्या तीन ओळी पुढच्या पानावर सांडत होत्या, तिथे मथळ्याखालची जागा कमी केली. ८० पानं झाली आणि एकाही शब्दाला धक्का लागला नाही. हे सोपं जावं म्हणून सुरुवातीपासून सगळं पॅराग्राफ स्टाइलवर बांधायचं: ओवीची एक स्टाइल, अर्थाची एक, ओवीच्या क्रमांकाला कॅरेक्टर स्टाइल. दोन ओव्यांमधलं अंतर रिकामे एंटर मारून द्यायचं नाही, स्टाइलमधल्या "स्पेस बिफोर"नं द्यायचं. ओवीच्या आत ओळ तोडताना शिफ्ट-एंटर, म्हणजे ओवी एकच परिच्छेद राहते. मग "कीप लाइन्स टुगेदर" लावलं की ती दोन पानांत फाटत नाही.

ओवी फाटू नये हा माझा हट्ट आहे. पारायणात पान उलटताना श्वास तुटतो, आणि तो चरणाच्या मध्ये तुटला तर ऐकणाऱ्याचाही धागा जातो. तसंच ओवीला दोन्ही कडा जुळवू नयेत. शेवटचा चरण आखूड असणं हा तिचा स्वभाव आहे. तो ताणून बाकीच्या चरणांएवढा केला की ओवीची चाल डोळ्यांपुरती तरी नाहीशी होते.

पण इथेच माझी मर्यादा डळमळते. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ओव्या सलग लिहिलेल्या असतात. चरणाला नवी ओळ नाही, शब्दांमध्येही बहुधा जागा नाही. दंड आणि क्रमांक, बस. म्हणजे चरण वेगळे मांडणं, शब्द सोडवणं, ओवी ठळक आणि अर्थ बारीक टाइपात घेणं ही सगळी अर्थाची निवडच आहे. जागा माझी म्हणताना मी भाष्यकाराच्या ओसरीवर पाऊल ठेवलेलं असतं. शब्द सोडवताना एक जागा इकडची तिकडे झाली तर अन्वय बदलतो. मग जागेवर तरी माझा हक्क निर्धास्त कसा म्हणायचा?

उत्तर शोधताना मला एकनाथमहाराज आठवतात. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरी या ग्रंथात जवळजवळ तीनशे वर्षांत पाठभेद साचले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी तो शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावूनही ठेवलं. नाथ स्वतः समर्थ कवी होते. एखादी ओवी आणखी गोड करणं त्यांना अवघड नव्हतं. तरी त्यांनी सुधारणा केली ती मूळ गाठण्यासाठी. करता येत असूनही कर्तेपण बाजूला ठेवणं, हे मला त्यांच्या भारुडांइतकंच मोठं वाटतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्मावरच्या अधिकाराचा श्लोक आपण फळ सोडण्यासाठी वापरतो. मला तो काम आखून घेण्यासाठी लागतो. अधिकार कर्मावर आहे, तर माझं कर्म नेमकं कोणतं, हे आधी ठरायला हवं. कर्सर कुठेही जातो म्हणून अधिकारही तिथवर जात नाही. नाथांचा अधिकार प्रती ताडून पाहण्याच्या कष्टातून आला होता.

यंत्राचं औदार्य सगळ्यात घातक ठरतं ते "रिप्लेस ऑल"मध्ये. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण पुष्कळसे जुने अनुस्वार सोडले. ती सवय बोटांत असते, शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमातही असते. पण ज्ञानेश्वरीत "हातें" म्हणजे हाताने, "घरीं" म्हणजे घरात. तिथे अनुस्वार विभक्ती सांभाळतो. पोथीची फाइल उघडली की आपोआप दुरुस्ती आधी बंद करावी.

मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना आणखी जपावं लागतं. त्या फॉन्टांत वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. रूपांतरात ती हलतात, आणि "आचाऱ्याला"चं "आचार्याला" होतं. स्वयंपाकी गुरू होऊन बसतो आणि कुठलाही तपासनीस प्रोग्रॅम ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. इनडिझाइनमध्ये कम्पोजर "वर्ल्ड-रेडी" नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर दिसते, जोडाक्षरं सुटतात. ते निदान लगेच दिसतं.

या चुकांपुरता माझा निर्णय झाला आहे. ज्या माझ्या टेबलावर, रूपांतरात किंवा टंकनात जन्मल्या, त्या मी न विचारता दुरुस्त करते. ज्या आधारप्रतीत छापलेल्या आहेत, त्यांना समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करते आणि थांबते. शब्द कुठे सोडवायचा याची शंकाही तिथेच लिहिते, कारण ती जागा आता मला फक्त माझी वाटत नाही. बुवा दुसरी प्रत आणतात, ते मोठ्यानं वाचतात, मी प्रुफावर बोट ठेवून बघते. परवा एका ओवीतल्या अनुस्वारावर आमचं जमलं नाही. त्यांच्या कानाला तो हवा आहे. आधारप्रतीत तो नाही, माझ्याकडच्या दुसऱ्या छापील प्रतीत आहे. मंडळात एकांकडे आजोबांच्या वेळची पोथी आहे, ती एकादशीनंतर मिळेल. तोवर पीडीएफ प्रेसला द्यायची नाही, असं मी बुवांना सांगितलं आहे, आणि त्यांनी ते मानलं आहे.