दोन पोती पीठ

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लारस नावाचं गाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारस या डोंगराळ प्रांतातून निघालेल्या लोकांनी ते १८४५ साली वसवलं. गाव खरं, सनावळी खरी. पुढच्या गोष्टीतली माणसं मात्र माझी.

या गावात दोघे भाऊ राहत होते. थोरल्याचं हमरस्त्यावर हॉटेल होतं. दर्शनी भागाला नक्षीदार लाकडी सज्जा, सज्ज्यातून ओघळणारी लाल जिरॅनियमची फुलं, आत चीजचा फोंड्यू आणि भिंतीवर आल्प्सचा भलामोठा फोटो. धाकट्याचा गावाबाहेर गोठा. पहाटे चारला दिवस सुरू व्हायचा आणि दूध चीजच्या कारखान्यात जायचं. दोघांचं बरं चाललं होतं आणि एकमेकांशी फारसं वाकडंही नव्हतं.

आजी गेली तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडली. तिच्यातून तीन वस्तू निघाल्या. एक गायीच्या गळ्यातली पितळी घंटा, चांगली कलिंगडाएवढी, भरतकाम केलेल्या चामडी पट्ट्यासकट. एक लाल सुती रुमाल. आणि त्या रुमालात बांधलेली एक बारीक वही, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. खाली घरगुती पावत्यांचा गठ्ठा होता, तो कुणी मोजला नाही.

थोरला म्हणाला, "घंटा माझ्याकडे राहू दे. चार लोक बघतील तरी. कागदपत्रं तू ने, तुझ्याकडे जागा आहे."

धाकट्याने वही आणि गठ्ठा उचलला. रुमालही त्याच्याकडेच आला, कारण वही त्यातच बांधलेली होती.

घंटा हॉटेलात दारासमोर टांगली गेली. पहिल्या उन्हाळ्यात थोरला गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या मूळपुरुषाने ही समुद्रापलीकडून आणली." दुसऱ्या उन्हाळ्यात मूळपुरुष मोठा गुराखी झाला, शंभर गायींचा धनी. तिसऱ्या उन्हाळ्यात तो स्वातंत्र्याच्या ओढीने देश सोडून निघाला आणि घंटा वाजवतच जहाजात चढला. लोक फोटो काढत, फोंड्यू मागवत. थोरला खोटारडा नव्हता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जे दिसतं ते सांगत सुटायची खोड पुष्कळ प्रामाणिक माणसांना असते.

धाकट्याला वही वाचता येईना. अक्षर जर्मन, पण जुन्या कुरेंट वळणाचं. आपल्याकडे पणजोबांची मोडीतली दप्तरं घरात असतात आणि घरातल्या कुणालाच ती लागत नाहीत, तशातली गत. शेवटी तो गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला. बाई टेकडीवरच्या संग्रहालयात विनामूल्य काम करत. तिथे जुन्या गावाची चौदा घरं उभी आहेत : लाकडी ओंडक्यांचं चर्च, शाळा, लोहारशाळा, चीज करायची खोली. बाई तिथे मुलांना सगळं समजावून सांगत आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरची पत्रं लावून देत.

बाईंनी आधी रुमालच उलगडला. लाल रंग अजून झगझगीत होता आणि त्यावर चक्क कोयऱ्या होत्या, आपल्या पैठणीवर, शालीवर असतात तशा. काश्मिरी शालींवरून ही नक्षी युरोपात गेली आणि ग्लारसच्या छापखान्यांनी ती सुती कापडावर उतरवली. असे रुमाल ग्लारसमध्ये आजही विकले जातात.

"तुझा मूळपुरुष गुराखी नव्हता," बाई वहीचं पहिलं पान भिंगाखाली धरून म्हणाल्या. "विणकर होता. हातमागावरचा."

मग त्यांनी जे सांगितलं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. ग्लारसच्या दऱ्या अरुंद, शेतीला जमीन थोडी, माणसं वाढत चाललेली. घरोघरी सूत आणि कापड व्हायचं, त्यावर चुली पेटायच्या. यंत्रमाग आले आणि हातमागवाल्यांची मजुरी बसली. घर सोडणारे वाढले, तेव्हा प्रांतातल्या पुढाऱ्यांनी एक मंडळ काढलं. निकोलाउस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ या दोघांना जमीन बघायला आधी अमेरिकेला धाडलं. बाकीच्यांनी थांबायचं होतं, पण दम निघाला नाही. १६ एप्रिल १८४५ला लिंथ कालव्याच्या काठावर लोक जमले. अंदाज १४० जणांचा होता, आले १९३. उघड्या होड्या, थंडी, कडेवर पोरं. ऱ्हाइन नदीने हॉलंडपर्यंत, तिथून जहाजाने बाल्टिमोर, पुढे कालवे आणि नद्या धरून सेंट लुईस. तिथे पोचल्यावर कळलं की जमीन बघायला गेलेल्या दोघांचा पत्ताच नाही! त्यांना शोधायला आणखी दोघे पाठवले. ऑगस्टच्या मध्याला ठिकाणी पोचले ते १०८. कुणी वाटेत दगावलं, कुणी वाटेतच काम धरून राहिलं.

"आणि पैसे?" धाकट्याने विचारलं. शेतकऱ्याचा प्रश्न.

"गावकीने दिले." बाईंनी पान उलटलं. "हे बघ, इथे लिहिलंय. वाटखर्च गावकीकडून. खाली तुझ्या मूळपुरुषाने स्वतःच्या हाताने लिहिलंय : परत आल्यास गावावर भार टाकणार नाही."

धाकटा गप्प बसला.

"लाजायचं कारण नाही," बाई म्हणाल्या. "अशी पुष्कळ गावं होती. अरगाऊ प्रांतातल्या एका गावाने, त्याला आता रोथ्रिस्ट म्हणतात, १८५५ साली ३०५ माणसं एका फटक्यात अमेरिकेला काढून दिली. गरीब गेला की धर्मादायाचा खर्च वाचतो. हिशेब सोपा आहे."

बाईंनी ग्लारसच्या अभिलेखागाराला पत्र टाकलं. तिथे योहान याकोब कुब्ली-म्युलर नावाच्या गृहस्थाने सगळ्या प्रांताच्या वंशावळी हाताने लिहून ठेवल्या आहेत, एकेक घराणं, एकेक लग्न, एकेक मरण. मोठाले खंड आहेत, तीसहून अधिक. देश सोडून गेलेल्यांनाही त्याने गाळलं नाही. असली माणसं मला नेहमी चक्रावून टाकतात. जे घर मोडून गेलं, ज्याला गावाने स्वतःच्या खर्चाने वाटेला लावलं, त्याचं नाव नीट लिहून ठेवायची याला काय पडली होती? उत्तर आलं, नाव जुळलं, धंदाही जुळला : विणकर.

मग पावत्यांचा गठ्ठा सुटला. त्यात आजोबांच्या नावची एक पावती निघाली, स्वित्झर्लंडमधल्या दुकानाची, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातली : एक घंटा, भरतकामाच्या पट्ट्यासह. १९६२ साली गावातला आटीव दुधाचा कारखाना बंद पडला होता. गाव जगवायचं कसं, या विवंचनेत दुकानदारांनी दर्शनी भाग आल्प्समधल्या घरांसारखे करून घ्यायला सुरुवात केली. पर्यटक येऊ लागले. आजोबांनी त्या हंगामात घंटा मागवली, आणि पुढे कंटाळून माळ्यावर टाकली असावी.

धाकटा पावती घेऊन हॉटेलात गेला. दुपारची गर्दी ओसरली होती. थोरला गल्ल्यावर होता.

"दादा, मूळपुरुषाकडे गाय नव्हती."

थोरल्याने पावती वाचली, घडी केली, परत दिली. "हे कुणाला दाखवू नकोस."

"का?"

"लोक आल्प्स बघायला येतात. गावकीचा वाटखर्च बघायला कोण येणार?"

याला उत्तर नव्हतं, आणि थोरल्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. न्यू ग्लारसमध्ये १९३८पासून स्विस दंतकथेतल्या विल्यम टेलचं नाटक उघड्यावर होतं, खऱ्या बकऱ्या आणि गायी घेऊन. टेलच्या गोष्टीला इतिहासाचा पुरावा नाही म्हणून ते कुणी बंद करत नाही, करूही नये. नाटक म्हणून ते चोख आहे. पण घंटेखाली नाटक असं लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात धाकट्याच्या गोठ्यावर काम करणारा तरुण दारात आला. मेक्सिकोतल्या वेराक्रूझचा. विस्कॉन्सिनच्या गोठ्यांत आज असे पुष्कळ हात राबतात; ते एका दिवशी थांबले तर चीजचे कारखाने तिसऱ्या दिवशी थांबतील. त्याची बायकामुलं यायची होती. हॉटेलच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या भाड्याने मिळतील का, म्हणून तो पुन्हा विचारायला आला होता.

"तुला आधीच सांगितलं," थोरला म्हणाला. "तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, आणि इथला एक जामीन."

तरुण टोपी हातात घेऊन निघून गेला. धाकट्याने जामीन राहायची तयारी दाखवली, तसा थोरला वैतागला. "तू यात पडू नकोस. ही माणसं येतात, मागे काही नसतं, पुढे काही नसतं. उद्या निघून गेला तर कुठे शोधू?"

धाकट्याच्या खिशात वही होती. त्याने ती काढली नाही.

ऑगस्टमध्ये गावात जुन्या आगमनाची आठवण काढतात. त्या वर्षी बाईंनी ठरवलं की भाषण नको, वही वाचायची. चर्चच्या सभागृहात शंभरेक लोक आले. धाकट्याचे गोठ्यावरचे दोघेतिघे खुर्च्या मांडायला आले होते, ते मागे भिंतीशी उभे राहिले. थोरला पहिल्या रांगेत बसला. तो मानी होता. घराण्याचं नाव निघणार आणि आपण नाही, हे त्याला चाललं नसतं.

बाई इंग्रजीत भाषांतर करत वाचत होत्या. वहीत वर्णन जवळपास नव्हतंच, नुसते हिशेब. होडीत पाव. कोलोनला मीठ. एका ठिकाणी लहान मुलासाठी पेटी, तिची किंमत, आणि त्यापुढे काहीच नाही. तिथे बाई जरा थांबल्या. मग जमीन : १२८० एकर विकत घेतलेली, प्रत्येक घराला २० एकर, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. त्यातला कुठला तुकडा आपल्या वाट्याला आला, तेही लिहिलं होतं, ओढा कुठून जातो यासकट. पुढे पहिला हिवाळा. लिटल शुगर नदीतले मासे. मासे. पुन्हा मासे.

"डिसेंबर," बाईंनी वाचलं. "मिनरल पॉइंटपर्यंत चालत. पीठ, दोन पोती, खाणीतल्या इंग्रजाकडून. पैसे नव्हते. त्याने जामीन मागितला नाही."

मिनरल पॉइंट हे शिशाच्या खाणींचं गाव. तिथले खाणकामगार बहुतेक कॉर्नवॉलहून आलेले, म्हणजे तेही परमुलखातलेच. त्यांना इंग्रज म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. पण ग्लारसच्या विणकराला तो फरक काय ठाऊक!

बाई पुढे वाचत गेल्या. वहीतली प्रत्येक उधारी फिटली की तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. लोहाराची रेघ, मिठाची रेघ, गावकीच्या पैशांवरही कितीतरी वर्षांनी मारलेली रेघ, वेगळ्या शाईतली. वाचन संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कॉफीच्या टेबलाकडे वळले.

भिंतीशी उभ्या असलेल्या वेराक्रूझच्या तरुणाने हात वर केला.

"बाई, त्या पिठाचं काय झालं? ते फेडलं का?"

बाईंनी पुन्हा पान काढलं, भिंग धरलं. "नाही. त्याच्यावर रेघ नाही. खाली एक ओळ आहे, १८४९ची. इंग्रज सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला गेला."

"त्याची मुलंबाळं?"

"नाव लिहिलेलं नाही. कसं शोधणार?"

थोरला उठला होता, तो परत बसला. हॉटेल चालवणाऱ्या माणसाला उघडी उधारी बघवत नाही. त्याने बाईंकडून वही मागून घेतली, भिंग मागून घेतलं आणि ती ओळ स्वतः बघितली, जरी त्याला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. रेघ नव्हती. वरच्या ओळीवर होती, खालच्या ओळीवर होती.

"दोन पोती म्हणजे किती?" त्याने विचारलं.

"तेव्हाचं कसं सांगणार," बाई म्हणाल्या. "एका घराचा हिवाळा निघाला एवढं खरं."

लोक पांगत होते. मागे मुलं खुर्च्या उचलून एकात एक घालत होती. थोरला वही हातात घेऊन वेराक्रूझच्या तरुणाकडे गेला.

"तुझी माणसं कधी येतात?"

"पुढच्या महिन्यात."

"किती जण?"

"पाच. माझी आई पण आहे."

"आई आहे हे आधी बोलला नाहीस." थोरल्याने वही रुमालात गुंडाळून धाकट्याच्या हातात दिली. "जिना अरुंद आहे, तिला जपून चढायला सांग. आणि कपाट वर जात नाही, मी बघितलंय, ते इथेच घ्या."

"आगाऊ भाडं..."

"किल्ली सोमवारी घेऊन जा," थोरला म्हणाला. "आणि हे बघ, जाताना ती घंटा काढायला जरा हात लाव. एकट्याला पेलत नाही."